बटणाला बांधलेलं मुबारक

आमच्या घरात नवा माठ आला तरी बाबा त्याला मुबारक म्हणत. माठ निवडून, वाजवून, कुंभाराशी हुज्जत घालून आणलेला असायचा आईने. पण मुबारक माठाला. विटांवर तो नीट बसला, पहिलं पाणी भरलं, की त्याच्या पोटावरून हात फिरवून बाबा म्हणत, "मुबारक, राजा." आई म्हणायची, "माठाला काय पोर झालाय?"

शेजारणीच्या शेळीला करडू झालं, मुबारक. माझा दुधाचा दात पडून नवा दिसायला लागला, मुबारक. तीन दिवस रुसलेला स्टोव्ह पिन मारल्यावर पेटला, तर त्या निळ्या जाळाकडे बघून मुबारक. मी पुस्तकं वाचणारी मुलगी होते आणि एखादा शब्द असा वाटेल तिथे वापरलेला मला आवडत नसे. पाचवी-सहावीत असेन. एकदा मी त्यांना म्हटलं, "बाबा, मुबारक ईदला म्हणतात."

"ईदला म्हनतात त्यो मोठा," ते म्हणाले. "ह्यो बारका."

"मग आपल्यात काय म्हणतात?"

ते विचारात पडले. आमचं मूळ गाव अंजूरकडचं. भातशेती भावाभावांत वाटली गेल्यावर बाबांच्या वाट्याला जे आलं त्यात घरच्यांचं भागणं शक्य नव्हतं, म्हणून ते भिवंडीला येऊन पॉवरलूमवर लागले होते. त्यांनी गावची माणसं डोळ्यांपुढे आणून पाहिली असावीत. मग म्हणाले, "आपल्यात म्हनतात, बेस झाला." आणि थोडं थांबून, "पन त्यात समोरच्याच्या हातात काय पडतं? आपनच आपल्याशी बोलल्यासारखा."

मी शाळेतला शब्द सांगितला, अभिनंदन. त्यांनी तो दोनदा म्हणून बघितला आणि हसले. "सरकारी कागदावानी वाटतं," म्हणाले.

हे मी आता, त्यांना जाऊन वर्ष उलटून गेल्यावर लिहिते आहे. हळू लिहिते आहे, कारण पुढे काय लिहायचं ते मला माहीत असलं तरी त्याचा अर्थ काय लावायचा ते अजून कळलेलं नाही. शब्द माझ्या ओळखीचा आहे. मी शिकवते त्या शाळेतल्या मोठ्या शब्दकोशात मी तो काढूनही पाहिला. मूळचा अरबी, शुभ, भाग्याचा, अशा अर्थाचं काहीतरी दिलं होतं. त्यात माठही नव्हता आणि स्टोव्हही नव्हता.

बाबांनी तो शब्द कारखान्यात उचलला होता. त्यांच्या समोरच्या साच्यांवर उत्तरेकडून आलेले एक विणकर होते. कारखान्यात लूमला साचा म्हणतात. दोघांच्या मध्ये जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी बोळ. ते बाबांना भाऊ म्हणत, बाबा त्यांना भाई म्हणत. मी त्यांना चाचा म्हणायची. बारा तासांची ड्युटी दोघांनी समोरासमोर उभं राहून अशी किती वर्षं काढली, देव जाणे. बोलून मात्र फार थोडी काढली असतील, कारण साचे सुरू असताना आत बोललेलं ऐकू येत नाही. आमच्या गल्लीतही तो खटखटाट यायचा. आत तर शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसता वारा लागायचा. तिथली माणसं हातांनी बोलत. चहासाठी एक खूण, मालक आला त्याची एक, धागा तुटला त्याची एक, आणि मालकाचं पोट दाखवायची एक, ती बाबा घरी करून दाखवत आणि आई तोंडाला पदर लावायची.

मुबारकची खूण वेगळी होती. ती हाताने करत नसत, बांधत असत. एखाद्याच्या गावाहून पत्र आलं, मुलगा झाला, बहिणीचं जमलं, की जो तो आपल्या साच्यावरचं वीतभर सूत तोडायचा आणि त्याच्या सदऱ्याच्या बटणाला गाठ मारून सोडायचा. तोंडाने काही म्हणायचं नाही. म्हटलं तरी ऐकतो कोण. सुटी होईपर्यंत त्या बटणाला सुताचा झुबका लटकलेला असे. तो कापायचा नसतो. धुण्यात, घासण्यात एकेक धागा आपणच गळून जातो. मी अकरा-बारा वर्षांची असताना चाचांना मुलगा झाल्याचं पत्र आलं, तेव्हा ते आमच्या दारात सांगायला आले होते, तो झुबका मला आठवतो. बाबांनी त्यांना बसवलं, आईने चहा केला, आणि झुबक्याला माझं बोट लागल्यावर चाचा म्हणाले, "छू लो बिटिया, यही मिठाई है."

मी मॅट्रिकच्या वर्गात असताना, मार्गशीर्षात, आई गेली. आठ दिवसांचा ताप. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

आत्या गावाहून आली ती राहिलीच. बाबांची ही मोठी बहीण, विधवा, बोलायला फटकळ. दुखवट्याचं वर्ष कसं पाळायचं ते तिला पाठ होतं, आणि तिच्याशिवाय ते आमच्याकडून पाळलं गेलं नसतं हेही खरं. वर्षभर तोरण नाही, फराळ नाही, कुणाच्या लग्नाला जायचं नाही, घरात गोड शिजवायचं नाही, मी केसांत फूल घालायचं नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा कामावर निघाले. शेजारणीच्या सुनेची ओटी भरायची होती. ती समोरच उभी होती. सवयीने बाबांच्या तोंडून शब्द बाहेर आला. आत्याने आतून ऐकला.

"काय रे," ती बाहेर येऊन म्हणाली. "बायको जाऊन पंधरा दिस न्हाय झालं, आन् मुबारक वाटतोस? वरीस होवं दे. तवर त्यो शबुद या उंबऱ्याच्या आत नको."

बाबा कामावर निघून गेले. त्या दिवसापासून त्यांनी तो म्हटला नाही. स्टोव्ह पेटला की नुसतं बघत. एकदा तर ओठ हलले आणि मिटले, ते मी पाहिलं.

मार्चमध्ये मी परीक्षा दिली. कशी दिली, माहीत नाही. जूनमध्ये निकाल लागला. तेव्हा वर्तमानपत्रात नंबर छापून येत, बारीक टाईपात, रांगाच्या रांगा. नाक्यावरच्या चहावाल्याकडे पेपर यायचा. त्याच्याभोवती मुलांची झुंबड. मी बाजूला थांबले, गर्दी पातळ झाल्यावर माझा नंबर शोधला. होता. आमच्या घराण्यात, आईकडच्या आणि बाबांकडच्या, मॅट्रिक झालेलं कुणीच नव्हतं. चहावाल्याने पेपरचं ते पान मला देऊन टाकलं. म्हणाला, "घेऊन जा, रद्दीच व्हायचीय."

मी घरी गेले नाही. सरळ कारखान्यात गेले. मुली तिथे जात नसत. मी डबा द्यायला दारापर्यंत जायची तेवढंच. दारात उभी राहिले. आत हवेत कापसाची पिसं तरंगत होती, माणसांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या. बाबा मधल्या रांगेत होते. मी पेपर वर धरला. त्यांना दिसला. एवढ्या लांबून नंबर दिसणं शक्य नव्हतं, पण मी पेपर घेऊन आले म्हणजे काय ते त्यांना कळलं असणार. त्यांनी एक साचा बंद केला. बाबा कधी साचा असा मध्ये बंद करत नसत.

समोरच्या चाचांनीही मान वळवून पाहिलं. त्यांनाही कळलं. त्यांनी लगेच वाकून सूत तोडलं, बोळ ओलांडली आणि बाबांच्या बटणाकडे हात नेला. आणि बाबांनी आपला तळवा मध्ये धरला. नको. चाचांनी काहीतरी विचारलं, बाबांनी काहीतरी सांगितलं. दोघांचे ओठ हलताना मला दिसले. चाचांनी धागा बोटाभोवती गुंडाळला आणि ते परत आपल्या साच्यांकडे गेले. बाबांनी माझ्याकडे बघून हात हलवला, घरी जा. मग साचा सुरू केला.

संध्याकाळी ते आले तेव्हा मी आधी बटण पाहिलं. एकही धागा नव्हता. ते हातपाय धुऊन बसले आणि म्हणाले, "जेवलीस?"

आत्याने शेजारी सांगितलं होतं. शेजारीण दारातूनच म्हणाली, "पेढे कधी?" आणि लगेच जीभ चावून, "मार्गशीर्षानंतर बाई, मार्गशीर्षानंतर."

आज हे लिहिताना असं दिसतं, की मला सगळं तेव्हाच कळायला हवं होतं. दुखवटा मलाही ठाऊक होता. पण सतरा वर्षांच्या मुलीला ठाऊक असणं आणि कळणं यांत काय अंतर असतं ते मी रोज वर्गात बघते. बाबांच्या तळव्याचा मी एकच अर्थ घेतला: त्यांना आनंद झाला नाही. आई असती तर मी शिकले ते कामाचं होतं. आता घरात दोन हात कमी होते आणि मी हातात पेपर धरून उभी होते. जून, जुलै, ऑगस्ट असे महिने गेले. बाबा पुढच्या शिक्षणाचं काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मी धुणंभांडी करायची, आत्याच्या हाताखाली भाकऱ्या थापायची, आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचायची. सणाच्या दिवशी सगळ्या गल्लीतून तळणाचा वास यायचा आणि आमच्याकडे पिठलं.

मार्गशीर्षात वर्षश्राद्ध झालं. गावाहून भाऊबंद आले, जेवले, गेले. मी मागच्या दारी भांडी घासत होते. आत आत्या बाबांशी बोलत होती. तिचा आवाज हळू नसेच कधी.

"वलची हाय एक. नवरा जाऊन चार वरसं झाली. पोरबाल न्हाय. शांत हाय म्हनतात, मानसाला मानूस धरून ऱ्हाते. आता वरीस सरला. पोरगी उद्या जाईल तिच्या घरी, मंग तुला भाकर कोन देल? मी काय जलमाला पुरनार हाय?"

भिवंडीहून अंजूरला जाताना वाटेवर वळ गाव लागतं, आत्याच्या तोंडी ते वल. माझ्या हातातल्या पातेल्याला राख लागलेली होती. मी हात थांबवला.

बाबा म्हणाले, "बघू."

एवढंच. नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले. संध्याकाळी दिवेलागणीला परत आले तेव्हा मी दारातच निवडणटिपण करत बसले होते. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि मी मान वर केली. त्यांच्या बटणाला झुबका होता. चाचांच्या बटणाला मी पाहिला होता तेवढा, कदाचित त्याहून मोठा. चालताना तो छातीवर हलत होता. आणि बाबा हसत होते. वर्षभरात मी ते हसणं पाहिलं नव्हतं. पुढचा एक दात आता नव्हता हेही मला तेव्हाच दिसलं.

"मुबारक," ते म्हणाले. माझ्याकडे बघून.

माझ्या कानात कालचं "बघू" होतं. मी वाचलेल्या पुस्तकांतलं एकही वाक्य मला सुचलं नाही. सुचलं ते आत्याच्या तोंडचं. सूप बाजूला ठेवून मी म्हटलं, "तुमचं तुम्हांलाच लखलाभ."

ते तसेच उभे राहिले. मला वाटतं, त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते आहे, कारण हसू लगेच गेलं नाही. मी पुढे म्हटलं, "काल वर्षश्राद्ध झालं. एक दिवस तरी थांबायचं होतं."

आतून आत्या म्हणाली, "काय झाला गो?"

बाबा आत आले, खुंटीजवळ उभे राहिले. विणकराची गाठ हाताने सुटत नाही. ती सुटू नये अशीच मारलेली असते. त्यांनी खिशातली छोटी कात्री काढली, तुटलेले धागे छाटायला सगळ्यांच्या खिशात असते ती, आणि बटणाखाली घालून एकदम कापलं. झुबक्याबरोबर बटणही आलं. त्यांनी ते उचलून माझ्या सुपाशेजारी ठेवलं. झुबका चुलीत टाकला. सूत जळायला वेळ लागत नाही.

सकाळी मी बटण लावून दिलं. आम्ही बोललो नाही असं नाही, बोललो. पाणी, डबा, आत्याचं औषध. पण मुबारक हा शब्द त्यांनी त्यानंतर उच्चारला नाही. वर्ष सरलं होतं, आत्याची मनाई संपली होती, आणि शब्द आला नाही. नवा माठ आला तेव्हा मी मुद्दाम त्यांच्यासमोर त्यात पाणी भरलं. ते म्हणाले, "झिरपत न्हाय ना?"

पुढच्या जूनमध्ये एक दिवस सकाळीच त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल." कुठे ते सांगितलं नाही. मला घेऊन ते डी.एड.च्या प्रवेशाला गेले. अर्ज कुठे मिळतो, कोणते दाखले लागतात, सगळं त्यांनी आधी जाऊन विचारून ठेवलं होतं. रांगेत ते माझ्यामागे उभे होते. येताना बसमध्ये झोपले.

आत्या एकदा भाकरी उलटताना म्हणाली, "वलवाल्यांना नको सांगितलान् त्यानं. का, तर म्हने, पोरगी शिकतेय." आणि माझ्याकडे बघून, "बसा आता दोघं पुस्तकं वाचत."

मी शिकले. मानकोलीच्या पुढे एका गावात शिक्षिका झाले. शाळेला जाताना बस वळच्या फाट्यावर थांबते. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. तिचं वय काय असेल याचा हिशेब करून मी फाट्यावर चढणाऱ्या बायकांकडे बघत असे, आणि त्या माझ्याकडे बघू लागल्या की खिडकीबाहेर.

बाबांना मी कधी विचारलं नाही. विचारायला दिवस पुष्कळ होते. सुटीच्या दुपारी ते ओट्यावर बसत, मी वह्या तपासत असे. वाक्य मनात तयार असे: बाबा, त्या दिवशी कशाचं म्हणालात? मग ते खोकायला लागत, मी पाणी आणून देई, आणि वाक्य राहून जाई. कापसाने छाती धरली होती. माझ्या निकालाला दहा वर्षं होता होता ते गेले. माझी नोकरी कायम झाल्याचा कागद त्याच आठवड्यात आला. तो मी त्यांना दाखवला का, हेसुद्धा मला नीट आठवत नाही. पाकीट उशाशी होतं, एवढं आठवतं.

दहाव्याच्या आधी चाचा भेटायला आले. म्हातारे झाले होते. आत आले नाहीत, ओट्यावर बसले, बाबांच्या जागी नाही, पलीकडे. साच्यांपाशी उभं राहून ज्यांची उमर गेली ती माणसं गप्प बसतात तेव्हाही मोठ्याने बोलायच्या तयारीत असल्यासारखी दिसतात. मी पाणी दिलं. आणि मग जे बाबांना विचारलं नव्हतं ते त्यांना विचारलं. त्या दिवशीचा झुबका कशाचा होता?

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. "तुम्हारे पास होने का," ते म्हणाले. "जून में ही बांध रहे थे हम. भाऊ ने हाथ किया, रुको. बोला, हमारे में साल होता है. मैं बोला, हमारे में तो तीन दिन. बोला, तुम लोगों को हर काम की जल्दी रहती है." ते थोडे हसले. "फिर साल हुआ तो खुद आया. एक-एक के साचे पे जाके बटन आगे किया. लाओ, मेरी बेटी का उधार है."

काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी त्याहून वाईट काहीतरी बांधलं गेल्यासारखं. सहा महिने त्यांनी तो शब्द जपून ठेवला होता, आणि मी तो चुलीत घालायला लावला.

पण चाचा बोलत होते. "सब तुम्हारे नहीं होंगे, बिटिया. झूठ क्यों बोलूँ. वो वळ वाली बात भी थी. भाऊ ने बताया था, बहन बोल रही है, देखेंगे. तो लड़कों ने मजाक में दो-चार उसके भी बांध दिए. वो भी हँसा."

"म्हणजे त्यांना ते हवं होतं?"

"खुश था."

"कशासाठी, चाचा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी शिकलेली मुलगी हे काय विचारते. "आदमी खुश है तो पूछते थोड़ी हैं किस बात पे. बांध देते हैं."

मी त्यांना आणखी विचारणार होते. माझ्याकडे बघून मुबारक म्हणाले तेव्हा ते मला द्यायचं होतं, की माझ्याकडून त्यांना हवं होतं? पण हे चाचांना कसं ठाऊक असणार. त्यांनी विचारलं, तू काय करतेस. मी सांगितलं, नोकरी कायम झाली. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. सुताचा तुकडा खिशात असतोच. बोटांना चाळा म्हणून. अर्धा बाहेर काढला. मग घराकडे, आत आत्या भिंतीला टेकून बसली होती तिकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी तो परत खिशात टाकला.

"साल के बाद," ते म्हणाले. आणि उठले.

ते वर्ष मी पाळलं. आत्या थकली होती, तिने काही सांगितलं नसतं, तरी पाळलं. गोड केलं नाही, फूल घातलं नाही. शाळेत मुलांना बक्षिसं मिळाली तेव्हा फळ्यावर अभिनंदन लिहिलं; ते लिहायला हरकत नव्हती, त्याने कुणाच्या हातात काही पडत नाही. आणि वर्षभर मी तो झुबका मनात उलगडत बसले. यातला हा माझा, हा तिचा. सगळे पांढरेच. वळच्या बाईचे दोन-चार धागे बाबांना थट्टेत बांधले गेले आणि ते हसले. पण थट्टेत हसले की मनापासून? मी काही बोलले नसते तर ते होकार कळवणार होते का? पोरगी शिकतेय म्हणून नको म्हणाले, की पोरगी तसं बोलली म्हणून? कधी वाटतं, माझ्यामुळे एका माणसाची म्हातारपणची सोबत गेली. कधी वाटतं, मी स्वतःला फार मोठं समजते. त्यांना नकोच असेल. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "आता कशाला गो उकरतेस? त्याला पिठलं आवडायचं, तेवढं मला ठाव हाय."

बाबांच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली आणि कारखान्यात गेले. दारात उभी राहिले. तोच खटखटाट, तीच पिसं. बाबांच्या साच्यांवर एक तरुण मुलगा होता. भुवया पांढऱ्या झालेल्या. चाचा समोर होते. त्यांनी मला पाहिलं आणि हात दाखवून तिथेच थांबायला सांगितलं. वाकले. सूत तोडलं. मग थोडा वेळ थांबून पुन्हा वाकले.

ते दाराशी आले. माझ्या अंगावर साडी. बटण नाही, मग धागा कुठे बांधायचा असा प्रश्न त्यांना पडला. मी हात पुढे केला. त्यांनी घड्याळाच्या पट्ट्याला गाठ मारली. एक. ती नोकरीची. आणि शेजारी दुसरी.

मी दुसऱ्या धाग्यावर बोट ठेवून भुवई उंचावली. हा कशाचा?

चाचांनी उत्तर दिलं. सावकाश, नीट ओठ हलवून, बाबांशी बोलत असतील तसं. बाबांना ते लगेच कळलं असतं. मला काही कळलं नाही. मी मागे वळून त्यांना बाहेर बोलवू शकले असते, दहा पावलांवर गल्लीत ऐकू येतं. पण त्यांचे साचे सुरूच होते, ते बघून मी ते केलं नाही. मान हलवली. मग मला जे म्हणायचं होतं ते मी तिथेच, त्या आवाजात म्हटलं. मुबारक. चाचांना म्हटलं, की त्यांच्या मागे बाबांच्या साच्यांवर उभ्या असलेल्या त्या मुलाला, की कुणालाच नाही, ते मलाही सांगता येणार नाही. चाचांनी माझे ओठ वाचले आणि मान डोलावून ते कामाला गेले.

धागे अजून पट्ट्याला आहेत. वह्या तपासताना कागदावर घासतात. एक जरा झिजला आहे. पहिला की दुसरा, ते आता ओळखू येत नाही.